जुन्या बेंच मल्टिमीटरमधील दोष कसा शोधावा

साडेसहा अंकी (सहा पूर्ण अंक आणि सर्वांत पुढे फक्त ० किंवा १ दाखवणारा) जुना बेंच, म्हणजे टेबलावर ठेवायचा, मल्टिमीटर विकत घेतला किंवा अनेक वर्षांनी पुन्हा सुरू केला आणि त्याचे वाचन संशयास्पद वाटले, की बहुतेक हौशी मंडळी एक तर झाकण उघडून सरसकट कपॅसिटर बदलू लागतात, नाहीतर हाताशी असलेल्या दुसऱ्या मीटरशी जुळवून कॅलिब्रेशन (वाचन अचूक यावे म्हणून मीटरमध्ये साठवलेले दुरुस्तीचे आकडे) बदलतात. पहिली गोष्ट अनावश्यक असू शकते. दुसरी मात्र मुळीच करू नये. साठवलेले कॅलिब्रेशन म्हणजे हे उपकरण पूर्वी किती अचूक मोजत होते याचा एकमेव लेखी पुरावा असतो, आणि तो पुसला गेला की दोषामुळे वाचन किती सरकले हे सांगणारे काहीच उरत नाही. बाहेरचे कोणतेही प्रमाण, म्हणजे ज्याचे मूल्य अचूक माहीत आहे असा संदर्भ, हाताशी नसताना दोष कोणत्या भागात आहे हे बऱ्याच अंशी ठरवता येते, फक्त चाचण्यांचा क्रम सांभाळावा लागतो.

प्रथम, किती फरकाला चूक म्हणायचे ते निश्चित करावे. ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४४०१ए या सर्वपरिचित मीटरचे उदाहरण घेऊ. त्याच्या १० व्होल्ट डीसी रेंजची एका वर्षाची अचूकता वाचनाच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या ०.०००५ टक्के अशी दिलेली आहे, आणि तीही खोलीचे तापमान २३ अंशांच्या पाच अंश मागेपुढे असताना व मीटर तासभर तापल्यानंतर. म्हणजे १० व्होल्ट मोजताना ३५० आणि ५० मिळून ४०० मायक्रोव्होल्टचा फरक नियमात बसतो, जरी पडद्यावरचा शेवटचा अंक १० मायक्रोव्होल्टचा असला तरी. याउलट ०.५ टक्के अचूकतेचा हातातला मीटर याच १० व्होल्टला ५० मिलिव्होल्ट इकडेतिकडे दाखवू शकतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून बेंच मीटरला दोषी ठरवण्यात अर्थ नाही.

झाकण न उघडता करायच्या चाचण्या

मीटर तासभर तापू द्यावा, ऑटोरेंज (रेंज आपोआप बदलण्याची सोय) बंद करावी आणि पहिली चाचणी शून्याची घ्यावी. दोन्ही टर्मिनल जाड, उघड्या, स्वच्छ तांब्याच्या तारेने थेट जोडावीत. लांब लीडची (मोजणीच्या तारांची) टोके एकमेकांना लावून हे काम नीट होत नाही. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक पडला की तिथे सूक्ष्म व्होल्टेज तयार होते. तांबे आणि कथिल-शिशाचे सोल्डर यांच्या सांध्यात ते अंशामागे एक ते तीन मायक्रोव्होल्ट असते, पण तांबे आणि काळवंडलेले, ऑक्साइड चढलेले तांबे यांच्यात ते अंशामागे हजार मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकते. म्हणून तार घासून घ्यावी, आणि बोटांची ऊब निघून जाईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबूनच आकडा वाचावा. १०० मिलिव्होल्ट रेंजवर तो काही मोजक्या मायक्रोव्होल्टच्या आत स्थिर राहायला हवा. तो एकाच दिशेने सरकत राहिला तर तापमानाशी निगडित दोषाची शंका घ्यावी. अचानक उड्या मारत असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट किंवा पॉवर सप्लाय तपासायच्या यादीत वर घ्यावे.

दुसरी चाचणी एखाद्या नव्या सेलची. सेल होल्डरमध्ये बसवून मोजावा, मग जोडणी उलटी करून पुन्हा मोजावा. चिन्ह सोडले तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. फरक आला तर त्याचा निम्मा भाग हा शून्याचा दोष होय. त्यानंतर दोन सेल वेगवेगळे आणि मग एकसर जोडून, सर्व वाचने एकाच रेंजवर घ्यावीत. बेरीज काही दहा मायक्रोव्होल्टच्या आत जुळली तर एडीसीची (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाची) रेषीयता ठीक आहे असे समजावे. सेलला हात लागला की त्याचे व्होल्टेज हलते, म्हणून शेवटी पहिला सेल पुन्हा मोजून तो मधल्या काळात सरकला नाही याची खात्री करावी. या चाचणीची मर्यादाही ध्यानात असावी: सर्वच वाचने एकाच प्रमाणात जास्त किंवा कमी येत असतील तर बेरीज तरीही जुळते. तो दोष बाहेरच्या प्रमाणाशिवाय उघड होत नाही.

तिसरी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. मीटर १० गिगाओहमपेक्षा जास्त इनपुट रेझिस्टन्सच्या सेटिंगवर ठेवावा, टर्मिनलवर थेट १० मेगाओहमचा रेझिस्टर लावावा आणि त्याभोवती लो टर्मिनलला जोडलेला पत्र्याचा डबा झाकावा. डबा नसेल तर आसपासच्या वीजवाहिन्यांचा गोंगाट वाचनात मिसळतो. मोजणीचा कालावधी वीजपुरवठ्याच्या दहा आवर्तनांइतका, म्हणजे ५० हर्ट्झला २०० मिलिसेकंद, ठेवावा. आता पडद्यावर दिसणारे व्होल्टेज हे मीटरच्या स्वतःच्या इनपुटमधून वाहणाऱ्या प्रवाहामुळे आलेले असते. ०.३ मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह ३० पिकोअँपिअर, आणि ३४४०१ए साठी २५ अंशांना हीच वरची मर्यादा आहे. ५ मिलिव्होल्ट दिसले तर ५०० पिकोअँपिअरची गळती आहे. ती दमट हवेत वाढत असेल तर पीसीबीवरचा (सर्किट बोर्डवरचा) मळ किंवा सोल्डर करताना राहिलेला जुना फ्लक्स, आणि हवामान कसेही असताना तेवढीच राहत असेल तर इनपुटचे संरक्षक घटक किंवा पुढचे एफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), असा माझा पहिला तर्क असतो.

एवढे झाल्यावर सर्व फंक्शन आणि रेंज एकदा फिरून पाहाव्यात. व्होल्टेज, रेझिस्टन्स, प्रवाह सगळेच विचित्र किंवा अस्थिर असेल तर पॉवर सप्लाय किंवा एडीसी. १० व्होल्टपर्यंत ठीक पण १०० आणि १००० व्होल्टच्या रेंजवर घोळ असेल तर इनपुटचा विभाजक (मोठे व्होल्टेज ठरावीक पटीने कमी करणारा भाग). डीसी व्होल्टेज बरोबर पण ओहम चुकीचे असेल तर प्रवाह पुरवणारा स्रोत. मात्र त्याआधी चार तारांनी मोजून पाहावे, कारण दोन तारांच्या मोजणीत लीडचे ०.१ ते ०.२ ओहम वाचनात मिसळतात आणि छोट्या रेझिस्टरसाठी तेवढे पुरेसे असते. फक्त एसी चुकत असेल तर आरएमएस कन्व्हर्टरचा (एसीचे परिणामी मूल्य काढणारा) भाग.

झाकण उघडल्यावर

मुख्य वीजजोडणी काढावी, थोडा वेळ थांबावे आणि मोठे कपॅसिटर उतरले आहेत हे मोजून पाहावे. मग सोल्डरिंग आयर्न हातात घेण्यापूर्वी कॅलिब्रेशन कुठे साठवले आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शोधावे. अनेक जुन्या उपकरणांत ते बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत असते. ह्यूलेट-पॅकार्डच्याच ३४५८ए मल्टिमीटरमध्ये तर बॅटरी मेमरी चिपच्या आतच बंद आहे. अशी बॅटरी संपली किंवा चिप निष्काळजीपणे काढली, तर सर्व आकडे जातात. जीपीआयबीवरून (उपकरण संगणकाशी जोडण्याच्या सोयीतून) किंवा चिप वाचणाऱ्या प्रोग्रॅमरने ते वाचून दोन ठिकाणी जतन करावेत, त्यानंतरच पुढे जावे.

तपासणीची सुरुवात पॉवर सप्लायपासून करावी. प्रत्येक रेग्युलेटरच्या आधीचे व नंतरचे व्होल्टेज मोजावे आणि ऑसिलोस्कोपवर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) पाहावा. आधीच्या बाजूचे व्होल्टेज सरासरीने पुरेसे दिसते, पण कपॅसिटर सुकला असेल तर रिपलच्या तळाशी ते रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान पातळीखाली जाते आणि पुढच्या बाजूला प्रत्येक आवर्तनात खाच पडते. ही खाच साध्या मीटरवर दिसत नाही. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून मीटरच्या इनपुटला काहीही जोडलेले नसतानाच ती आतल्या कॉमनला लावावी, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूला तर कधीच लावू नये.

पॉवर सप्लाय निर्दोष असेल तर संदर्भ व्होल्टेजकडे, म्हणजे मीटर ज्याच्याशी तुलना करून मोजतो त्या स्थिर व्होल्टेजकडे, वळावे. या वर्गातील बऱ्याच मीटरमध्ये एलएम३९९ हा आत हीटर असलेला झेनर (ठरावीक व्होल्टेज देणारा डायोड) असतो. त्याचे व्होल्टेज साधारण ६.९५ असते आणि हीटर चिपला ९० अंशांच्या आसपास ठेवतो. त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण स्पर्शाला कोमट लागले पाहिजे. थंड लागले तर आधी हीटरचा पुरवठा तपासावा. वाचन तासन्‌तास स्थिर राहून मध्येच काही पीपीएमची (दशलक्षांश भागांची) पायरी घेत असेल, तर झेनरवरही संशय घ्यावा. तापमानाने बिघडणारा घटक शोधण्यासाठी भाग थंड करणारा स्प्रे वापरता येतो, पण तो पुठ्ठ्याच्या अरुंद फटीतून एका वेळी एकाच घटकावर मारावा. अख्ख्या बोर्डवर मारल्यास सगळेच हलते आणि काहीच कळत नाही.

गळती सापडली असेल तर इनपुटचा भाग ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवावा. ब्रशने विरघळलेला फ्लक्स तिथेच सुकू दिला तर तो अधिक मोठ्या भागावर पातळ थरात पसरतो, म्हणून शेवटी ताज्या अल्कोहोलने तो बोर्डवरून वाहवून काढावा. बोर्ड मंद उबेत पूर्ण वाळवावा, बोटे न लावता बसवावा आणि १० मेगाओहमची चाचणी पुन्हा घ्यावी.

दुरुस्तीनंतरही कॅलिब्रेशनला हात लावण्याची घाई नको. मीटर काही आठवडे सुरू ठेवून एखाद्या स्थिर स्रोताचे वाचन आणि खोलीचे तापमान रोज लिहून ठेवावे, कारण नवे घटक सुरुवातीला सरकतात आणि सरकत्या उपकरणाचे कॅलिब्रेशन फार काळ टिकत नाही. नोंदी सपाट झाल्या की तो प्रयोगशाळेत द्यावा, आणि जुळवणी करण्याआधीची वाचनेही प्रमाणपत्रात नोंदवून देण्याची लेखी विनंती करावी.