शांतिसेना परत आणण्यावर वाद घालताय? मग या चुका टाळा

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायचा अधूनमधून योग येतो, आणि "परक्या देशातल्या युद्धातून सैन्य मागे घ्यावं का" असा विषय असला की पोरं सरळ अफगाणिस्तानकडे वळतात. बोलतात छान, पण हेच आपल्या देशाने स्वतः केलंय, १९८७ ते १९९० श्रीलंकेत शांतिसेना पाठवून आणि परत आणून, हे फार कमी जणांना माहीत असतं आणि ज्यांना माहीत असतं ते पण ठरलेल्या जागीच घसरतात. म्हणून बसून लिहितोय.

पहिली चूक तारखांची. "राजीव गांधींनी सैन्य पाठवलं, व्ही. पी. सिंगांनी परत आणलं" हे वाक्य मी प्रत्येक स्पर्धेत ऐकतो आणि ते अर्धंच खरं आहे. श्रीलंकेतलं तमिळ बंडखोर आणि सरकार यांचं युद्ध थांबवायचा करार झाला २९ जुलै १९८७ ला कोलंबोत, राजीव गांधी आणि तेव्हाचे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात, आणि त्यानुसारच आपलं सैन्य तिथे गेलं. पुढे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून १९८९ च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर मागणी केली की जुलैअखेर भारतीय सैन्य निघालं पाहिजे, त्यावरून दोन्ही सरकारांत बरीच ताणाताणी झाली आणि पहिली तुकडी परत निघाली ती २९ जुलै १९८९ ला, म्हणजे राजीव गांधी पंतप्रधान असतानाच. सप्टेंबरमध्ये माघारीचा समझोता पण झाला. सिंग आले डिसेंबरमध्ये, त्यांनी काम पुरं केलं, शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. त्यामुळे सगळं श्रेय किंवा सगळा दोष एकाच पंतप्रधानाच्या गळ्यात घातलात की समोरचा एका मिनिटात तुमचा मुद्दा उडवतो. ह्या तारखा कागदावर लिहून न्या, बास.

दुसरी चूक, "गेलोच कशाला" यातच निम्मा वेळ घालवणं. विषय "आता निघावं का" हा असतो. करारावर लिट्टेची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची, सही नव्हतीच, शस्त्रं जमा करून घ्यायला गेलेलं आपलं सैन्य ऑक्टोबर १९८७ मध्ये ऑपरेशन पवनमध्ये उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात त्यांच्याशीच लढायला लागलं, हे सगळं खरं, पण पाठवणं चुकलं म्हणून लगेच काढून घेणं बरोबर ठरत नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवा.

तिसरी मला सगळ्यात जास्त लागते. "जवळपास बाराशे जवान गेले, आता परत फिरलो तर त्यांचं बलिदान वाया." मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफन्याजवळ रात्री त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला, छातीत गोळी लागली तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचं नाव जरूर घ्या, मानाने घ्या, पण त्यांचं नाव घेऊन "म्हणून थांबा" असं म्हणू नका. अजून वर्षभर थांबून नेमकं काय साधलं असतं ते सांगा, ते सांगता येत नसेल तर तुमच्याकडे मुद्दा नाही, फक्त दुःख आहे.

"थांबायला हवं होतं" म्हणणारे आणखी एक गोष्ट विसरतात, घरमालकाला काय हवं होतं. आपण गेलो श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून. आता दुसरे राष्ट्राध्यक्ष "निघा" म्हणतायत, कारण दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली डाव्या संघटनेने भारतविरोधावरच उठाव पेटवला होता, आणि वर त्यांचंच सरकार आपल्याशी लढायला लिट्टेला गुपचूप शस्त्रं देतंय! मग थांबायचं कुठल्या हक्काने? याचं उत्तर तयार नसेल तर त्या बाजूने उभंच राहू नका.

आता माघारीच्या बाजूने बोलणाऱ्यांची चूक, आणि ही मोठी आहे. जे स्थानिक लोक आपल्या भरवशावर उभे राहिले त्यांचं काय झालं हे ते सांगतच नाहीत. १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले, त्यांच्या संरक्षणासाठी घाईघाईने तमिळ नॅशनल आर्मी उभी केली, त्यात कित्येक कोवळी पोरं जबरदस्तीने ओढून आणलेली. आपलं सैन्य एकेक जिल्हा सोडत गेलं तसे मागून लिट्टेवाले शिरले, ही फौज कोसळली, अनेक मारले गेले, पेरुमल मार्च १९९० मध्ये भारतात आले. जूनमध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकारचं युद्ध परत पेटलं. पण त्याचवेळी हेही लक्षात घ्या की ऑक्टोबर १९८७ ला जाफना हॉस्पिटलमध्ये आणि ऑगस्ट १९८९ ला वलवेट्टीतुराईत आपल्या सैन्याकडून सामान्य माणसं मारली गेल्याचे आरोप आहेत. तमिळनाडूत राग इतका होता की सैनिक मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच आधी सांगा, समोरच्याने काढायची वाट बघू नका.

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला जे झालं, म्हणजे लिट्टेने केलेली राजीव गांधींची हत्या, ते पुरावा म्हणून वापरू नका. दोन्ही बाजूंचे वापरतात. १९८९ मध्ये निर्णय घेणाऱ्यांना ते माहीत असणं शक्यच नव्हतं.

आणि अफगाणिस्तानशी तुलना करायची तर नीट करा. साम्य एक सांगा: मागे ठेवलेली स्थानिक फौज दोन्हीकडे टिकली नाही, काबूल तर १५ ऑगस्ट २०२१ ला पडलं, शेवटचं अमेरिकन विमान ३० ऑगस्टला उडायच्या आधीच. फरक पण सांगा: फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात काबूलचं सरकार टेबलावर नव्हतंच, अमेरिका आणि तालिबाननेच सही केली, आणि आपल्याला तर कोलंबोचं सरकारच जा म्हणत होतं. एवढं एक वाक्य बोललात तरी परीक्षक मान वर करून ऐकतात, मी तरी ऐकतो.