रिमोट, मोटर आणि मधला ‘टिक’: केअर बेड अडला तर कुठे पाहायचं

रुग्णासाठीचा केअर बेड, म्हणजे रिमोटनं वर-खाली होणारा बेड, हलेनासा झाला की पहिला संशय मोटरवर जातो. पण मोटर सहसा शेवटी जाते. त्याआधी लॉक, ढिला झालेला प्लग आणि चेपलेली वायर तपासायची असते.

रिमोट स्वतः काहीच उचलत नाही, तो फक्त इशारा देतो. चौकटीखालच्या कंट्रोल बॉक्समध्ये तो इशारा पोचला की रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ओढला जातो आणि बारीक ‘टिक’ ऐकू येतो. मग मोटरला वीज मिळते, बहुतेक बेडमध्ये २४ व्होल्ट डीसी. वर आणि खाली यांत फरक एवढाच, की रिले प्लस-मायनस उलटवतो आणि मोटर उलटी फिरते. मोटर गिअरमार्फत एक लांब आट्यांचा दांडा फिरवते, त्यावरचा नट पुढे-मागे सरकतो आणि बेडचा भाग ढकलणारी नळी बाहेर येते किंवा आत जाते. आट्यांचा चढ कमी आणि घर्षण जास्त असल्याने वीज गेली तरी पाठ आपोआप खाली येत नाही.

नळीच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच असतात. नट तिथे पोचला की स्विच वीज तोडतो, पण शेजारचा डायोड (वीज एकाच दिशेनं सोडणारा भाग) उलट दिशेची वीज जाऊ देतो. म्हणून पूर्ण वर गेलेला बेड ‘वर’च्या बटणाला दाद देत नाही आणि ‘खाली’ मात्र लगेच येतो. हा बिघाड नव्हे.

मोटरच्या लेबलवर बहुधा ‘१०%, २ मिनिटं / १८ मिनिटं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे सलग दोन मिनिटं चालवली तर अठरा मिनिटं विश्रांती. रिमोट हातात घेऊन सारखं वर-खाली करत बसलं की मोटर तापते, आतलं थर्मल संरक्षण ती बंद पाडतं आणि थंड झाल्यावर ती पुन्हा चालू लागते. मेकॅनिक यायच्या आत ‘आपोआप बरा’ झालेला बेड बऱ्याचदा असा असतो.

आता शोध. चाकांचे ब्रेक लावा आणि जमत असेल तर बेड रिकामा करा. रिमोटवर किंवा पायथ्याच्या पॅनेलवर लॉक असतं, ते आधी पाहा. पुसताना नकळत फिरलेलं असतं. मग भिंतीतला प्लग आणि कंट्रोल बॉक्सवरचा दिवा. दिवा लागलेला असेल तर बॉक्सजवळ कान नेऊन बटण दाबा.

टिक नाही: रिमोट, त्याची वायर किंवा लॉक. रिमोटची वायर प्लगजवळ हलवत बटण दाबा. मध्येच बेड चालला तर आत वायर तुटली आहे.

टिक आहे, हालचाल नाही: बहुधा मोटरची वायर, तिचा प्लग किंवा मोटर. मुख्य प्लग काढून या मोटरचा प्लग चालू असलेल्या दुसऱ्या मोटरच्या जागी लावा, वीज जोडा आणि सेकंदभरच बटण दाबा, कारण आता बटण भलताच भाग हलवेल. चालली तर दोष बॉक्सच्या त्या खोबणीत, नाही तर मोटर किंवा तिच्या वायरीत. उंचीच्या दोन मोटरी जोडीनं, फेरे मोजत चालवणाऱ्या बेडवर हा प्रयोग करू नका. त्यांचा हिशेब चुकतो.

वायर चेपते ती हलणाऱ्या सांध्यांपाशी. बेड पूर्ण वर नेल्यावरही वायरला थोडी ढील राहील अशी ती क्लिपमध्ये बसवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड बेडखाली कधीच ठेवू नका. खाली येणारी चौकट तो चिरडते. कंट्रोल बॉक्स घरी उघडू नका. ट्रान्सफॉर्मर आत असेल तर तिथे पूर्ण दाबाची वीज असते.

बॅकअप बॅटरी असलेल्या बेडमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन लेड बॅटऱ्या जोडीनं असतात. बेड वापरात नसला तरी प्लग लावून ठेवा. महिनोन्‌महिने रिकाम्या पडलेल्या बॅटऱ्या पुन्हा चार्ज घेत नाहीत. वीज गेल्यावर बटण दाबताना बीप ऐकू आला तर बॅटरी संपत आली आहे. अशा वेळी उरलेली वीज पाठ खाली आणण्यासाठी राखा.

पाठीखाली आणीबाणीचा लिव्हर असेल तर तो ओढण्याआधी दुसऱ्या हातानं पाठीचा भाग धरून ठेवा. रुग्णाच्या वजनानं तो झपकन खाली येतो.