बाहियाला निघण्याआधी

बाहिया हे ब्राझीलमधलं राज्य, तेव्हा पहिलं काम पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं. ब्राझीलहून भारतात परतताना तिचा दाखला विमानतळावर मागतात. नसेल तर काही दिवस विलगीकरणात काढावे लागतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि दाखला 10 दिवसांनंतर ग्राह्य धरतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर तिची तारीख घेऊन टाका. तिकडचे सॉकेट तीन गोल पिनांचे असतात आणि व्होल्टेज शहरागणिक बदलतं, तेव्हा अ‍ॅडॅप्टर घ्या आणि चार्जरवरचे आकडे वाचून घ्या.

तारखा ठरवताना एप्रिल ते जुलै टाळा, बाहियाची राजधानी साल्वादोरला तेव्हा धो धो पाऊस असतो. कार्निव्हलची मोहिनी मोठी, पण मला विचाराल तर जानेवारी गाठा. त्या महिन्यातल्या एका गुरुवारी पांढऱ्या वेशातल्या बायका हजारो लोकांसह सुमारे 8 किलोमीटर चालत बोनफिम चर्चला जातात आणि सुगंधी पाण्याने पायऱ्या धुतात. चर्च येशूचं, पण अनेकांच्या मनात त्याच वेळी आफ्रिकेतून आलेला देव ओशाला असतो. 2 फेब्रुवारीला समुद्रदेवी येमांजाला रिओ व्हर्मेल्योच्या किनाऱ्यावरून होड्या भरभरून फुलं वाहतात. दोन्हीसाठी पांढरे कपडे हवेतच. कांदोंब्ले, म्हणजे या आफ्रिकी देवतांना पूजणारा धर्म, त्याच्या मंदिरातही फिकट रंगच घाला आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या. 1976 पर्यंत बाहियात या पूजेला पोलिसांची परवानगी लागत असे. तिथे पाहुण्याने अदबीनेच बसावं.

बॅग भरण्याइतकंच वाचूनही जा. 1549 मध्ये वसलेलं साल्वादोर 1763 पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होतं, आणि इथलं वैभव उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर उभं राहिलं. 1835 मध्ये मुस्लिम गुलामांनी इथे उठाव केला. गुलामगिरी मात्र 1888 मध्येच संपली. पेलोरिन्यो या साल्वादोरच्या जुन्या भागातल्या रंगीत घरांचे फोटो सगळेच काढतात. गुलामांना जिथे जाहीर फटके मारले जायचे, ती हीच जागा. तिथलं निळं रोझारिओ दोस प्रेतोस चर्च कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाने फावल्या वेळात, जवळजवळ शतकभर खपून बांधलं. सोन्याने मढवलेलं साओ फ्रान्सिस्को चर्च 2025 मध्ये छत कोसळल्याने बंद झालं होतं. उघडं असेल तर बघालच, पण रोझारिओ चर्चला जास्त वेळ द्या. मंगळवारी संध्याकाळी तिथे ढोलांच्या साथीने मिस्सा होते.

खाण्याची तयारी शाकाहाऱ्यांनी जरा नेटाने करावी. आकाराजे म्हणजे भिजवून सोललेली चवळी कांद्याबरोबर वाटून लाल पामतेलात तळलेला वडा. वडा चालेल, पण आतल्या वातापा या दाट सारणातच सुकी कोळंबी वाटलेली असते, म्हणून ‘सें वातापा, सें कामारांव’, वातापा नको, कोळंबी नको, हे पोर्तुगीज शब्द पाठ करून जा. इंग्रजी फारसं कुणी बोलत नाही. पामतेल सुरुवातीला बेताने खा. बाजारात फणस दिसला की परकं वाटणार नाही. तो आपल्याकडून पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेला आणि काजू तिकडून गोव्यात आला. तिथे काजूच्या बोंडाचा रस सर्रास मिळतो, तो प्याच.

रिओ दि जानेरोला जाताजाता दोन दिवस बाहिया, असा बेत करू नका. साल्वादोरला चार दिवस, काशोएइरा या जुन्या नदीकाठच्या गावाला एक. तिन्यारे बेटावरच्या मोरो दे साओ पाउलो गावाला बोटीने जाणार असाल तर समुद्र खवळलेला असू शकतो. मळमळीची गोळी हातपिशवीत ठेवा आणि निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या.