‘रत्नागिरीला नेलं’ त्या माणसाचा माग

घरात कुजबुज असते: ‘पणजोबांच्या धाकट्या भावाला रत्नागिरीला नेलं, तो परत आलाच नाही.’ हे ऐकून थेट मनोरुग्णालय गाठू नका. रत्नागिरीला तुरुंग होता, जिल्हा कोर्ट होतं, आणि १८८६ पासून वेड्यांचं इस्पितळही. नेलं नक्की कुठे? मुंबईत कुलाब्यालाही असं इस्पितळ होतं, पण कागदावर नुसतं ‘कुलाबा’ दिसलं तर सावध राहा. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबाच म्हणवत होता. मालवण-कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान. दप्तर कुठलं चाळायचं ते यावरून ठरतं.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करा. माणूस जिथे वारला तिथे नोंद होते, त्यामुळे गावच्या कोतवाल बुकात (नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) नाव मिळालं नाही तरी रत्नागिरी नगरपरिषदेकडे शोध घ्यायचा. साल पक्कं नसेल तर पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडून अर्ज करा.

मग कोर्ट, आणि खरा ऐवज बहुधा इथेच असतो. १९१२ च्या वेड्यांबाबतच्या कायद्याने (इंडियन लुनसी ॲक्ट) घरच्यांना माणूस दाखल करायचा तर अर्ज, डॉक्टरांचे दोन दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. रस्त्यात भटकताना सापडलेल्याला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत. नावावर जमीन किंवा कलमांची बाग असेल तर मिळकत सांभाळायला जिल्हा कोर्टातून माणूस नेमून घेता येई, त्याची खूण तलाठ्याकडच्या फेरफारात सापडू शकते. जमीन नसलेल्याचा माग मात्र फार लवकर पुसला जातो.

नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. नाव, बापाचं नाव आणि जात एवढ्यावरच नोंद भागवलेली असते. बाई सासरच्या नावाने की माहेरच्या, दोन्ही पाहा. इंग्रजी कागदात गावांची स्पेलिंगं मनाला येतील तशी. मोडी येत नसेल तर जाणकार गाठा, अंदाजाने वाचू नका.

निदानही जपून वाचा. तेव्हाचा ‘डिमेन्शिया’ म्हणजे म्हातारपणचा विसर नव्हे, तरुणांनाही तोच शिक्का बसे. कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ तर सर्रास लिहीत. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने (भांग-गांजाची चौकशी करायला सरकारने नेमलेली समिती) तपासलं तेव्हा अशा नोंदी बऱ्याच ठिकाणी बिनबुडाच्या निघाल्या. मुंबई इलाख्यातल्या अशा इस्पितळांचे जुने वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. त्यांत तुमचा माणूस नावानिशी भेटेल ही आशा नको, पण त्या वर्षी किती दाखल झाले, किती वारले, ते कळतं.

इस्पितळाकडे शेवटी जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय आहे. ‘सगळी फाईल द्या’ म्हटलं की नकार ठरलेला. दाखल झाल्याची, सुटल्याची किंवा मृत्यूची तारीख, एवढंच मागा. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि तुमचं ओळखपत्र जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.