घटस्फोट चालू असलेल्या जोडप्याकडून घर घेताय? आधी हे बघा

असं घर कधीकधी जरा स्वस्तात मिळतं कारण दोघांनाही विषय संपवायचा असतो, पण खरी अडचण किमतीची नसतेच, सह्यांची असते. कागदावर नाव एकाचंच असलं तरी दुसऱ्याचा हक्क निघू शकतो, त्यामुळे "घर माझ्याच नावावर आहे, तिचा काही संबंध नाही" असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि सरळ वकिलाकडे जा. टोकन द्यायच्या आधीच दोघांची लेखी संमती घ्या, तोंडी हो म्हणणारा माणूस पोटगीवरून भांडण झालं की दुसऱ्याच दिवशी फिरतो. कोर्टात केस चालू असेल तर घर विकायला मनाई आहे का, विकायला कोर्टाची परवानगी लागते का, हे आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, त्यांच्या नाही.

होम लोन अनेकदा दोघांच्या नावावर असतं, मग बाकी रक्कम किती, हप्ते थकलेत का, हे बँकेच्या पत्रावरच बघायचं. पैसे कोणाच्या खात्यात किती जाणार ते करारात लिहा, नाहीतर एकजण म्हणणार मला मिळालेच नाहीत.

आणि हो, दोघांपैकी एकजण अजून तिथेच राहत असेल तर घर रिकामं करायची तारीख आणि उशीर झाला तर दंड, दोन्ही लिहून घ्या. त्यांच्या भांडणात निरोप्या मात्र बनू नका, एजंट आहे ना त्यासाठी.