मोठ्या शहरातला रस्त्यावरचा बाजार कसा फिरावा

दुकान भिंतींच्या आत असतं, त्यामुळे सकाळी दहाला जसं, तसंच रात्री आठला. रस्त्यावरचा बाजार मात्र रोज मांडला जातो आणि रोज उचलला जातो. त्याच फुटपाथवर पहाटे फुलांच्या पाट्या असतात, दुपारी कपड्यांचे ढीग आणि अंधार पडल्यावर खाण्याच्या गाड्या. म्हणून बाजार कुठे आहे हे शोधण्याआधी तो कधी असतो हे शोधा. नव्या माणसाची निम्मी निराशा चुकीच्या वेळी गेल्यामुळे होते.

पहिली पायरी: वार आणि वेळ पक्की करा

मोरोक्कोतल्या मराकेश शहराचा जेमा एल-फना चौक घ्या. दिवसा गेलात तर फळांच्या रसाच्या गाड्या आणि बरीचशी मोकळी फरसबंदी दिसते. ऊन उतरलं की त्याच जागी खाण्याचे ठेले उभे राहतात, धूर उठतो, गोष्टी सांगणाऱ्यांभोवती आणि वादकांभोवती लोकांची कडी जमतात. युनेस्कोनं २००१ साली या चौकाला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशात मान दिला, तो या जिवंत कलांमुळेच. भर दुपारी तासभर थांबून परत फिरणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही.

काही बाजार वारावर चालतात. बँकॉकचा चातुचाक खरा भरतो तो शनिवार-रविवारी. मेक्सिको सिटीत ‘तियांगिस’ नावाचे फिरते बाजार एकेका वस्तीत ठरलेल्या वारीच रस्ता व्यापतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे मागमूस नसतो. बाजार हलतातही. टोकियोच्या त्सुकिजीतला मासळीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला गेला, बाहेरच्या गल्ल्यांतली किरकोळ दुकानं मात्र जुन्या जागीच राहिली. तेव्हा छापील माहितीवर विसंबू नका. जिथे उतरला आहात तिथल्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: बाजार कोणत्या वारी भरतो, आणि माल किती वाजता लागतो?

दिवसाच्या तीन वेळा लक्षात ठेवा. माल लागत असतो तेव्हा निवड उत्तम मिळते, पण विक्रेत्याला बोलायला सवड नसते. भर गर्दीत रंगत सगळ्यात जास्त, खरेदी मात्र घाईची होते. आवराआवरीच्या वेळी नाशवंत माल उतरत्या भावात जातो, कारण तो परत नेणं विक्रेत्याला परवडत नाही. पाहायला जायचं असेल तर मी पहिली वेळ निवडेन. ताडपत्री सोडली जाते, गोण्यांची तोंडं उघडतात, मालाच्या राशी लागतात. ते पाहिलं की बाजार कसा चालतो हे न विचारता कळतं.

दुसरी पायरी: खुणा धरून आत शिरा

बाजारात एकाच धंद्याची माणसं एकमेकांना धरून बसतात. गिऱ्हाईक भाव आणि माल ताडून पाहायला येतं, म्हणून शेजारी स्पर्धक असला तरी सगळ्यांचंच फावतं. हाँगकाँगमध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांची रांग वेगळी आहे आणि फुलांचा रस्ता वेगळा. इस्तंबूलच्या ग्रँड बाजारवर छप्पर असलं तरी त्याची घडण गल्ल्यांचीच आहे. पंधराव्या शतकात सुरू झालेल्या या बाजारात आज ६१ गल्ल्या आणि सुमारे ४,००० दुकानं मोजतात. तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव आहे टोपीवाल्यांचं, आणि आज त्या रस्त्यावर सोनं विकलं जातं. म्हणजे नावावर जाऊ नका. हव्या त्या वस्तूची दोन दुकानं लागोपाठ दिसली की तिची गल्ली सापडली असं समजा.

फोनवरचा नकाशा चिंचोळ्या, ताडपत्रीनं झाकलेल्या गल्ल्यांत भरवशाचा राहत नाही. शिरताना प्रवेशाच्या जागेचा एक फोटो काढा आणि दुरून दिसणारी एखादी उंच खूण धरून ठेवा. चातुचाकमध्ये मध्यभागचा घड्याळाचा मनोरा हेच काम करतो. बरोबर माणसं असतील तर चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आधीच ठरवा, आणि लहान मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

तिसरी पायरी: पहिली फेरी रिकाम्या हातानं

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग घरी येऊन चुटपुटतात. पहिला तास काहीही घेऊ नका. एका वस्तूचा भाव तीन ठिकाणी विचारा: बाजाराच्या तोंडाशी, मध्ये आणि अगदी आत. तोंडाशी गिऱ्हाईक आपोआप येतं, म्हणून भाव बहुधा चढा असतो. त्याहून खरी माहिती कानांनी मिळते. नेहमीचं गिऱ्हाईक काय देतं ते थोडं बाजूला उभं राहून ऐका. तो आकडा कळला की घासाघिशीचं निम्मं काम झालं.

चौथी पायरी: वस्तू हातात घेऊन पारखा

एका परक्या शहरातल्या जुन्या बाजारात मी पितळेचा म्हणून एक दिवा घेतला होता. जड, पिवळाधमक. महिन्याभरानं पुसताना कडेचा मुलामा निघाला आणि खाली काळपट लोखंड दिसलं. तेव्हापासून किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटं लोहचुंबक असतं. वस्तूला ते चिकटलं, तर आत लोखंड आहे हे नक्की. चिकटलं नाही म्हणून मात्र पितळच आहे असं होत नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून वस्तू उलटी करा. बूड जिथे वर्षानुवर्षं घासलं जातं, तिथला रंग वरच्या रंगाशी जुळतो का पाहा. मुलामा आधी तिथेच उडतो.

कापड उजेडासमोर धरा, म्हणजे विरळ वीण आणि भोकं दिसतात. पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्या धुण्यात बाकीच्या कपड्यांनाही लागेल. बॅग असेल तर चेन दहा वेळा पुढे-मागे करा आणि बंद जिथे शिवलेले असतात तिथे ओढून पाहा. जुन्या पुस्तकाची शेवटची पानं आणि मधली चित्रं जागेवर आहेत का, हे विकत घेण्याआधी बघायचं असतं. विजेवर चालणारी वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय घेऊच नये.

वजनाचा माल असेल तर काट्याकडे बघायची सवय लावा. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का? तराजू असेल तर रिकामी पारडी समपातळीत आहेत का? शंका आली तर जवळची न उघडलेली एक लिटर पाण्याची बाटली काट्यावर ठेवा. पाणी १ किलो आणि वरचे काही ग्रॅम बाटलीचे. आकडा त्यापासून फार दूर गेला तर काहीच न बोलता पुढच्या ठेल्यावर जा.

पाचवी पायरी: भाव करा, पण माणूस राखून

घ्यायचं नसेल तर भाव करू नका, फार तर एकदा विचारा. अर्धा तास घासाघीस करून, तुमच्याच आकड्यावर विक्रेता आला की पाठ फिरवणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. सांगितल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात करा, असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही. काही गल्ल्यांत भाव दुपटीनं सांगतात, काहींत नफाच इतका थोडा असतो की निम्मं म्हटल्यावर बोलणं तिथेच संपतं. पहिल्या फेरीत ऐकलेला आकडा मनात धरा आणि त्याच्या थोडं खालून सुरू करा. एकाच माणसाकडून दोन-तीन वस्तू घेत असाल तर एकत्र भाव मागा. तिथे सूट मनापासून मिळते. किंमत लिहून लावलेल्या मालावर, तयार खाण्यावर आणि स्वतः हातानं वस्तू घडवणाऱ्यासमोर चिल्लरीसाठी ताणू नका.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला मराठीत भवानी म्हणतात, तुर्कीत ‘सिफ्ताह’, फिलिपिन्समध्ये ‘बुएना मानो’. एकमेकांपासून इतक्या दूरच्या बाजारांत ती शुभ मानली जाते आणि पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून विक्रेता भाव सोडतो. सकाळी लवकर जात असाल तर याचा मान ठेवा. उगाच पहिला भाव विचारून निघून जाऊ नका.

पैसे दोन ठिकाणी ठेवा. सुट्टे पैसे हाताशी, मोठ्या नोटा आतल्या खिशात. पाठीवरची पिशवी गर्दीत पोटावर घ्या. फोननं पैसे देताना समोर आलेलं नाव आणि रक्कम विक्रेत्याला दाखवूनच पुढे जा.

सहावी पायरी: खाताना

जिथे स्थानिक लोकांची रांग आहे आणि माल डोळ्यांसमोर तयार होतोय, तिथे खा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं. तुमच्याकडे तापमापक नसतो, पण वाफ दिसते. कोमट झालेलं, उघड्यावर पडलेलं टाळा. चिरून ठेवलेली फळं आणि बर्फही टाळा. पैसे घेणारा आणि अन्नाला हात लावणारा वेगळा असेल तर आणखी चांगलं.

सातवी पायरी: काय घेऊ नये आणि कुणाचा फोटो काढू नये

हस्तिदंत, कासवाची पाठ, प्रवाळ, रानटी जनावरांची कातडी ‘जुनी आहे’ म्हणून पुढे केली जाते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९८९ साली झाला. अशी वस्तू विमानतळावर जप्त होते आणि खटलाही होऊ शकतो. चोरीचा माल हा दुसरा धोका. इंग्लंडमध्ये ठरावीक उघड्या बाजारांत दिवसाउजेडी प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहायची. तो शेकडो वर्षांचा नियम १९९५पासून रद्द झाला. बिनडब्याचा, बिनचार्जरचा फोन फारच स्वस्तात मिळत असेल तर सोडून द्या.

फोटोआधी नजरेनं विचारा. मान हलली तर काढा, आणि काढलेला दाखवा. बाजारात बसलेली माणसं कामावर असतात.

निघण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहा. पथारीला पाटी नसते, पत्ता नसतो. ‘तिसरा दिव्याचा खांब, निळी ताडपत्री, गुरुवार, सकाळी सात’ एवढं लिहिलंत तर पुढच्या वेळी सरळ त्या माणसासमोर जाऊन उभे राहाल.