नाताळबाजाराला जाताना आधी पाय सांभाळा

मालवणात डिसेंबरच्या पहाटे पंखा बंद करावा लागला आणि खोबरेल बाटलीत थिजलं, की आम्ही म्हणतो थंडी पडली. त्याच हिशोबाने मी गेल्या वर्षी मुलाकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले. आता आमच्या आळीतल्या तिघींची मुलं तिकडे आहेत आणि डिसेंबर जवळ आला की त्या मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यांचं लक्ष कोटाकडे असतं, माझंही होतं. शनिवारी सकाळी आम्ही पाच जण तिथल्या नाताळबाजाराला निघालो: मी, हे, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. बाहेर उणे चार. अंगात दोन स्वेटर, वर मुलाने दिलेला जाड कोट, कानाला मफलर. पायात मात्र मी इथून नेलेले रोज फिरायला जायचे बूट आणि थंडी म्हणून एकावर एक दोन सुती मोजे. अर्ध्या तासात पायाला बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. नातीचा हात धरून उभी होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. सुनेने ओळखलं आणि मला सरळ एका कॅफेत नेऊन बसवलं.

बाजारात आपण चालत नाही, उभे राहतो. हा स्टॉल बघ, तो बघ, रांगेत थांब. पायाखाली गारठलेली दगडी फरसबंदी, आणि ती तळव्यातून ऊब ओढून घेते. म्हणून बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा आणि जाड तळाचा घ्या. मोजा एकच, पण लोकरीचा. मोज्यात अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की ती हवाही दबते आणि बोटांपर्यंत रक्तही नीट पोचत नाही. असे बूट मालवण-कुडाळात शोधत फिरू नका, तिथे पोचल्यावर घ्या. पण रविवारी तिथली दुकानं बंद असतात, तेव्हा ही खरेदी शनिवारच्या आत उरका.

दुसरी गोष्ट आतल्या कपड्याची. आपल्याला जन्माची सवय सुतीची. पण ट्रॅम आणि ट्रेन आतून चांगल्या तापवलेल्या असतात. कोट न काढता बसलात तर घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसतं आणि बाहेर आलात की ओलं फडकं पाठीला चिकटल्यासारखं होतं. आत थर्मल घाला, त्यावर स्वेटर, वर कोट. गाडीत शिरताच कोट उघडा. लहान मुलांचा तर आधी उघडा, ती सांगत नाहीत.

इथून आवर्जून न्यायच्या दोनच वस्तू. एक मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. भेगाळलेल्या टाचांना आपण लावतोच, तिथे ओठांनाही लावा. हातात थोडं चोळलं की मऊ होतं. खोबरेल नेलंत तर बाटलीत दगड होऊन बसेल. दुसरी वस्तू उकडे तांदूळ. निघण्याआधी ऊन ऊन पेज आणि वर तुपाचा थेंब. रिकाम्या पोटी थंडी दुप्पट वाजते.

आता बाजार. न्यूरेंबर्गचा ख्रिसमस मार्केट पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या) आधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. १६२८ सालापासूनचा त्याचा पुरावा आहे. मुख्य चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छताचे स्टॉल, कडेला फ्राउएनकिर्खे हे चर्च. पहिल्यांदा बघताना मला आंगणेवाडीची जत्रा आठवली. तसेच दिवे, तशीच गर्दी, आणि साखरेत घोळलेल्या भाजक्या बदामांचा वास, अगदी आपलं खाजं कढईत घोळवताना येतो तसा.

सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच राहू, हा विचार सोडा. दोन पाळ्या करा. पहिली अकरा ते साडेबारा. बाराला चर्चच्या घड्याळाखाली उभे राहा. घड्याळात सम्राट चौथा चार्ल्स बसलेला आहे आणि त्याच्याभोवती सात राजपुरुष तीन फेऱ्या मारतात. १५०९ सालापासूनचं हे यंत्र. मग उबेला जा. घर जवळ असेल तर घरी, नाहीतर दहा मिनिटांवरच्या लोरेन्झकिर्खे चर्चमध्ये शांत बसा. तिथे छतातून टांगलेलं एक मोठं लाकडी शिल्प आहे, देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी सांगतो आहे असं. फाइट श्टोस या कारागिराने १५१७-१८ मध्ये कोरलेलं. आमचे हे सुतारकामातले. मान वर करून ते इतका वेळ बघत राहिले की शेवटी नात त्यांच्या मांडीवर झोपली. दुसरी पाळी चारपासून. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग दिव्यांची खरी मजा. सहाला परत फिरा.

त्या चौकातच शोनर ब्रुनेन नावाचा सोनेरी मनोऱ्यासारखा कारंजा आहे. त्याच्या लोखंडी जाळीत एक पितळी कडी आहे, ती फिरवून मनात इच्छा धरायची असते. यांनी नातीला उचललं, तिने हातमोजा काढला आणि कडी धरली. धातू इतका गार की ती किंचाळली. तिची बोटं पांढरी दिसायला लागली तेव्हा मी चोळायला गेले, सुनेने हात धरला. चोळायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचंही नाही. तिने कोटाची चेन उघडून ती बोटं स्वतःच्या काखेत धरली आणि थोड्या वेळात रंग परत आला. तेव्हा धातूला हात लावताना हातमोजे काढू नका. लहान मुलांना बोटं वेगवेगळी असलेले हातमोजे नकोत, पिशवीसारखे घ्या, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात.

खाण्यात तिथली ख्याती छोट्या सॉसेजची, पावात तीन घालून देतात. ती डुकराच्या मांसाची असतात, चालत नसेल तर आधीच ठरवा. आमच्या यांचा शनिवार, म्हणून त्यांना बटाटा किसून तळलेली थापटी घेतली, सोबत सफरचंदाची चटणी. त्यात बहुतेक अंडं असतं, विचारून घ्या. मसालेदार गरम वाइन सगळे पितात, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. दारूने कातडीखालच्या शिरा पसरतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. मुलांसाठी आणि माझ्यासारखीसाठी किंडरपुन्श, फळांच्या रसाचं बिनदारूचं गरम पेय. कपाचे पैसे आगाऊ घेतात, कप परत केला की ते मिळतात. सुटे युरो खिशात ठेवा, शौचालयालाही लागतात. फोन आतल्या खिशात, अंगालगत. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

रविवारी आम्ही रोथेनबुर्ग या जुन्या गावाला गेलो. बायर्न तिकीट, म्हणजे तिथल्या बायर्न राज्यात दिवसभर चालणारं तिकीट, काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि शनिवार-रविवारी इतर दिवसांसारखी सकाळी नऊची वाट बघावी लागत नाही. मात्र ते फक्त लोकल गाड्यांना चालतं, वेगवान गाडीत चढू नका. तिथे श्नेबालेन म्हणून पिठाच्या पट्ट्यांचा गोळा तळून वर पिठीसाखर भुरभुरतात. पहिला घास घेताच मी म्हटलं, अगो बाई, हा तर चिरोटा.

खरेदीत लेबकूखन घ्या, सुका मेवा आणि मसाल्यांचा जाड बिस्किटासारखा केक. त्यातला एलिझन प्रकार मागा, त्यात किमान पाव भाग बदाम-अक्रोडासारखा मेवा असतो आणि पीठ नावापुरतं. डबा बंद राहिला तर मालवणच्या दमट हवेतही टिकतो. किंडरपुन्शचा एक कप मी परत केला नाही. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणला, आणि तो मोजा आता शेजारणीने मागून नेलाय, तिचं विमान अठरा तारखेला आहे.